डोकं जाग्यावर असताना लिहिलेला कागद

माझ्या थोरल्या जावेनं मला वाचवलं आणि माझ्या मुलालाही वाचवलं. हे आधीच लिहून टाकते. पुढं मी तिच्याबद्दल मनात काय काय आणलं होतं तेच जास्त येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की ती बाई वाईट असावी. ती वाईट नव्हती. मला तिचा हेवा वाटत होता. आज सत्तरी ओलांडली तरी मुलीचा फोन माझ्याआधी तिला गेला असं कळलं की तो हेवा जागा होतोच.

मी खंडाळ्याकडची. चौथीत असताना आई गेली. थोरली बहीण लग्न होऊन साताऱ्याला गेलेली, मग धाकट्या भावंडांपायी माझी शाळा सुटली. सतराव्या वर्षी लग्न होऊन मिरजेजवळच्या गावात आले. आता हे अंतर कुणाला अंतर वाटणार नाही. तेव्हा माहेरी जायला अख्खा दिवस मोडायचा, आणि उतरलं की बोलणंसुद्धा वेगळं वाटायचं. इकडच्या तोंडात कानडी शब्द सहज यायचे. थोरल्या जावेला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. घरात सासूबाई होत्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. थोरले दीर होते, अक्का होती, उसाचं रान होतं, दोन म्हशी होत्या. माझे मालक पलटणीत, वर्षातनं दोन महिने रजेवर यायचे.

अक्का सातवी पास होती. घरात आलेलं प्रत्येक पत्र तीच वाचायची. माझ्या नवऱ्यानं मला लिहिलेलं पत्रसुद्धा! आत्याबाईंना ते मोठ्यानं वाचून दाखवायचं असे आणि मी अडखळत वाचायची. "दे हिकडं, म्हातारी झोपायच्या आत संपलं पायजे," असं म्हणून ती हसत पत्र ओढून घ्यायची. सगळे हसायचे. मीही हसायची, आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला रडायची.

एवढ्या एका गोष्टीत मी तिच्या पुढं होते, की लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला दिवस गेले. तिला नऊ वर्षांत मूल नव्हतं. मी तोंडानं काही बोलले नाही, पण डोहाळजेवणाच्या दिवशी तिनं मला हिरवी साडी नेसवली तेव्हा मी जरा जास्तच ताठ बसले होते. ते तिला दिसलं असणार. तिला सगळं दिसायचं.

दुष्काळाच्या सालात मुलगी झाली. आई नाही, मग माहेरी बाळंतपण करणार कोण, म्हणून सासरीच झालं. आठव्या दिवशी माझी झोप गेली. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी फार बोलत होते. आडात कुणीतरी काहीतरी टाकलंय असं मला पक्कं वाटत होतं, आणि टाकणारी अक्का आहे असंही. मी तिला चावले. मला वैरणीच्या खोलीत कोंडलं. अंगारे झाले, लिंबाच्या पाल्यानं झोडपणं झालं. असे बावीस दिवस गेले. शेवटी अक्कानंच दिरांना सांगितलं, "तुमी येत असला तर या, न्हाईतर मी एकटी घिऊन जाते," आणि मला मिरजेला मानसिक रोगाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं गोळ्या, इंजेक्शनं, विजेचे झटके. महिन्यानं मी घरी आले.

घरी आले तेव्हा मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली होती. मी हात पुढं केले, तर तिनं तोंड फिरवलं आणि अक्काच्या गळ्यातली पोत मुठीत धरली. माझ्याही गळ्यात तसलीच पोत होती, एकाच सोनाराकडची, एकाच घडणीची. मी ती तिच्यासमोर हलवली. तिनं ढकलून दिली.

"थांब गं, सवय हुईल," अक्का म्हणाली.

सवय झाली नाही. पोर बोलायला लागली तेव्हा अक्काला आय म्हणायची आणि मला 'अगं' म्हणायची, कारण घरात सगळे मला "अगं, हिकडं ये" असंच हाक मारायचे. गल्लीतल्या बायांना ह्याची फार गंमत वाटायची. "अगंची ल्येक आली बघा," म्हणायच्या. अक्का तिला शिकवायची, "ही तुजी आय, मी अक्का." पोर मान हलवायची आणि परत तिलाच आय म्हणायची. ती शिकवत होती याचासुद्धा मला राग यायचा. माझ्या मुलीनं मला आई म्हणावं म्हणून तिनं का रदबदली करावी?

तीन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्या वेळीच सांगून ठेवलं होतं की पुढच्या बाळंतपणात हे परत येऊ शकतं. मला कळा यायची भीती नव्हती. वैरणीच्या खोलीची भीती होती. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती ही, की माझं डोकं गेलं की दुसरं मूलही अक्काच्या मांडीवर जाणार आणि तिथनं परत येणार नाही.

मालक रजेवर आले होते. मी त्यांना अर्धंच सांगितलं, खोलीचं. ते बाजेवर बसून बूट पुसत होते. म्हणाले, "आमच्याकडं वर सरहद्दीला जायच्या आधी लिहून घेत्यात. काय झालं तर कुणाला कळवायचं, काय कुणाला द्यायचं. लढाईच्या टायमाला आमी सगळ्यांनी लिवलं. मरणार म्हणून न्हवं. डोकं जाग्यावर हाय तवर लिवायचं, मग वर काय हुईल ते हुईल."

"मग तुमच्या मागारी मला काय झालं तर?"

"तूबी लिव की. सायबाला चालतं, तर आपल्या घराला का चालू ने?"

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही मिरजेला कचेरीजवळ बॉण्डरायटरकडं गेलो. जाडजूड काचांचा चष्मा, समोर उतरतं टेबल, शाईची दौत. मालकांनी सगळं सांगितल्यावर तो माणूस टाक कानावर ठेवून बघतच राहिला.

"सुभेदार, मी खरेदीखत लिवलंय, वाटणीपत्र लिवलंय, सोडचिठ्ठी लिवलीय. ह्ये कसलं खत म्हणायचं?"

"सुभेदार न्हाई, नाईक हाय. आन् खताचं नाव तुमी काढा."

तो हसला. कागदाला डोकं हवंच, म्हणून त्यानं वर 'इच्छापत्र' असं लिहिलं, मग 'जिवंतपणीचं' असं पुढं जोडलं आणि स्वतःच मान हलवली. त्याला एकच मांडणी यायची, लिहून देणार आणि लिहून घेणार. लिहून देणार मी. माझ्याकडनं त्यानं एकेक गोष्ट विचारून घेतली. माझी झोप दोन रात्री लागली नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता मिरजेला न्यावं. अंगारा, उतारा, मार नको. कोंडू नये. डॉक्टर म्हणतील तर झटके द्यावेत. मी शिव्या दिल्या, कुणाला चावले, तर ते माझं धरू नये. आणि त्या वेळी मी "मला बरं हाय" किंवा "असं करा, तसं करा" म्हणाले तर ऐकू नये, हा कागद ऐकावा. हे शेवटचं त्याला फार आवडलं. "बाई, हितं खुळं नसलेल्या लोकांनीबी ह्ये लिहून ठेवाया पायजे," म्हणाला.

मग त्यानं विचारलं, "लिहून घेणार कोण? कागद घेणारा लागतो. तुमच्या वतीनं त्यानं करायचं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मनात एकच नाव होतं. मालक परत पलटणीत जाणार, आत्याबाईंना वाचता येत नाही, दीर कचेरीचं नाव काढलं की घाम पुसायचे.

मी म्हणाले, "माझी बहीण. साताऱ्याची."

"साताऱ्यातनं ती कवा पोचणार?"

"तार करायची."

"आन् अक्का हाय की घरात."

मी बॉण्डरायटरकडं बघून म्हणाले, "अजून एक लिवा. होणारं मूल थोरल्या जावेच्या हाती देऊ नये. बहिणीकडं साताऱ्याला न्यावं."

टाक थांबला. चष्म्यावरनं त्यानं मालकांकडं बघितलं. मालक रस्त्याकडं बघत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, द्या म्हणून लिवलेलं माणूस इसरतं. देऊ नये म्हणून लिवलेलं कुणी इसरत न्हाई. ह्ये ठिवायचंच का?"

"ठिवायचं."

शेजारच्या चहावाल्यानं आणि वाटणीच्या कामासाठी आलेल्या एका शेतकऱ्यानं साक्षी केल्या. मी सही केली. तेवढं चौथीत शिकले होते. परतताना मालक माझ्यापुढं दहा पावलं चालत होते. मी मात्र आतून गारगार झाले होते. लग्नानंतर पहिल्यांदा अक्काला न विचारता मी काहीतरी केलं होतं.

एक प्रत घरी पत्र्याच्या पेटीत राहिली; दोन रात्री माझी झोप गेली की ती काढायची, एवढंच मालकांनी अक्काला सांगून ठेवलं. दुसरी प्रत डॉक्टरांना नेऊन दिली. ते म्हणाले, "कायद्यात याला जागा नाही. तुम्हाला दाखल करायचं तर सही घरच्यांचीच लागेल. पण केसपेपरला लावून ठेवतो. तुम्हाला बरं असताना काय हवं होतं ते मला तरी कळेल." आता म्हणे अशा कागदासाठी कायद्यातच सोय झाली आहे. नातवानं मला ते फोनवर दाखवलं. तेव्हा मात्र एवढंच होतं, एक कागद आणि तो पाळणारी माणसं.

बहिणीला मी पत्र टाकलं नाही. सख्खी बहीण, तिला काय विचारायचं?

मुलगा झाला तेव्हा मालक बर्फात कुठंतरी वर होते. सातव्या दिवशी मी घरातली सगळी भांडी अंगणात आणून उतरंडीनं लावायला लागले. लावायची, मोडायची, परत लावायची. पुढचं मला आत्याबाईंनी नंतर ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी सांगितलेलंच लिहिते.

अक्कानं दोन रात्री मोजल्या. दुसरी रात्र सरली त्या सकाळी पत्र्याच्या पेटीतनं कागद काढला. आत्याबाई आणि दीर समोर बसले. कागद वाचणारी घरात तीच एक. तिनं पहिल्यापासनं वाचला. अंगारा नको, मार नको, कोंडू नये. मग ते कलम आलं.

"गाळलं आसतं तर आमाला काय कळणार हुतं?" आत्याबाई म्हणाल्या. "पर वाचलं तिनं. 'होणारं मूल थोरल्या जावेच्या हाती देऊ नये.' जसं हाय तसं. आवाजबी बदलला न्हाई. वाचून कागदाची घडी घातली आन् दिराला तुज्या म्हणाली, गाडी जुपा."

त्याच दिवशी मी मिरजेत दाखल झाले. गेल्या वेळी बावीस दिवस गेले होते, या वेळी दोन. माझ्यापुरता कागद चालला. साताऱ्याला तार गेली.

आणि घरी नऊ दिवसांचं मूल होतं. माझं दूध औषधांमुळं बंद. शेळीचं दूध बोंडल्यानं पाजायचं, ते आत्याबाईंनी. त्यांचा हात कापायचा. दूध नाकात जायचं, पोर ठसकायचं. शेजारणी एकदा येऊन बघून गेल्या. आईला बाधा झालेलं पोर मांडीवर घ्यायला कुणी तयार होईना. अक्का खोलीच्या उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची आणि तिथनं सांगायची, "आत्याबाई, मान जरा वर धरा. बोंडलं तिरकं. आसं न्हाई, आसं," आणि स्वतःचे रिकामे हात हवेत धरून दाखवायची. आत्याबाई ओरडल्या, "आगं ये की आत, घे त्याला! कागद काय पोटाला घालायचाय?" तर म्हणाली, "तिनं डोकं जाग्यावर आसताना लिवलंय. मी मोडलं तर पुन्यांदा ती कुणावर इस्वास ठिवंल?"

तिसऱ्या दिवशी साताऱ्यावरनं तार आली. येणं अशक्य. बहिणीच्या एका खोलीत चार पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. मागनं पत्र आलं, त्यात पहिलंच वाक्य होतं, मला न विचारता माझं नाव कागदात कसं घातलंस?

मग अक्का मिरजेला मला विचारायला आली. हे मला थोडं आठवतं. खिडकीत उन्हाचा पट्टा होता, बाहेर कुठंतरी सतारीची तार जुळवत होते, परत परत तोच एक सूर, आणि मला वाटत होतं ते मलाच बोलावतायत. अक्का खाटेशी वाकून म्हणाली, "पोराला मी घिऊ का? सांग."

मी म्हणाले, "घे. ने. कृष्णंच्या पाण्यात टाक."

ती तशीच निघून गेली. तिनं मूल घेतलं नाही. घरी येऊन आत्याबाईंना म्हणाली, "घे म्हणाली. पर त्या येळचं ऐकू ने आसं तिच्याच कागदात हाय." मी स्वतःच तिला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलं होतं.

सहाव्या दिवशी पोरानं दूध तोंडात धरायचं सोडलं. सकाळपासनं लंगोट कोरडा. दुपारी अक्का उंबरा ओलांडून आत आली, हात धुतले आणि मूल उचललं. घोटघोट करत बोंडलंभर दूध पाजायला तिला दिवस मावळला, असं आत्याबाई म्हणतात. पोरानं लंगोट ओला केला तेव्हा ती आणि आत्याबाई दोघी खुळ्यासारख्या हसल्या. मग तिनं पेटी उघडून कागद काढला.

मी पाच आठवड्यांनी घरी आले. या वेळी कुणी मला उतरवून घ्यायला दचकलं नाही, मी स्वतःच्या पायानं चालत आले. मूल अक्काकडं होतं, आणि तिनं मी उंबऱ्यात पाय ठेवताच ते माझ्या हातात दिलं. त्यानं तोंड फिरवलं नाही. नुसतं बघत राहिलं. पण माझ्या डोक्यात एकच होतं, माझ्या कागदाचं काय झालं? दुपारी सगळे रानात गेल्यावर मी पेटी उघडली. कागदाच्या पाठीवर अक्काचं अक्षर होतं, सातवीवालीचं, ठळक, एकही खाडाखोड नसलेलं:

"आज दुपारी यातलं मुलाबद्दलचं कलम मी मोडलं. सकाळपासून मुलाला लघवी नव्हती. बहीण येणार नाही. तिला विचारलं, पण तिचं त्या वेळचं बोलणं धरायचं नाही असं तिनेच लिहिलं आहे, म्हणून ही तिची परवानगी नाही, माझी चूक आहे. बाकीची कलमं पाळली. ती बरी झाली की तिनं मला काय बोलायचं ते बोलावं."

खाली सही, आणि आत्याबाईंचा अंगठा.

मला वाटलं होतं मी रडेन. पहिल्यांदा आला तो रागच. मी बॉण्डरायटरसमोर बसून, साक्षी घेऊन जे लिहिलं, त्यापेक्षा हिनं मोडताना लिहिलेलं जास्त सरळ होतं. मोडण्यातसुद्धा ही माझ्यापुढं! ते चार ओळींचं लिहिणं मी तीन वेळा वाचलं, आणि तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की ही बाई सहा दिवस उंबऱ्याबाहेर उभी होती. नऊ वर्षं आणि वर आणखी चार वर्षं मूल नसलेली बाई, आत रडणाऱ्या पोराकडं बघत, हात हवेत धरून. का, तर मी म्हणाले होते म्हणून. माझं म्हणणं एवढं मानणारं माणूस मला माहेरी, सासरी, कुठंच भेटलं नव्हतं. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिलेलं.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी जवळ जाऊन बसले.

"अक्का, मी वाचलं."

"बरं. मग बोल काय बोलायचं ते."

"तुमी आधीच का न्हाई घेतलं त्याला?"

"तू देऊ ने म्हणलीस."

"मी जळत हुते तुमच्यावर."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "ते का मला ठावं न्हाई? हितं उभं ऱ्हाऊन चार वरसं बघतीय. मीबी जळत हुते की. तुला दिवस गेले तवा मी म्हशीला शिव्या घालत हुते. म्हसरू दोघींचं आयकून आयकून कंटाळलं आसंल."

मालक पुढच्या रजेवर आले तेव्हा आम्ही परत कचेरीजवळ गेलो, या वेळी तिघं. बॉण्डरायटरनं मला ओळखलं. जुना कागद पाठपोट वाचला आणि चष्मा पुसला. "लिहून घेणार?" त्यानं विचारलं.

"थोरली जाऊ."

"त्यास्नी इचारलं का?"

"हितंच हायत. तुमीच इचारा."

अक्का म्हणाली, "घेते. पर माजं एक कलम घाला. ही बरी झाली आसं डॉक्टर म्हणलं की त्याच दिशी पोरं हिच्या मांडीवर. मी दोन दीस जरी जास्त ठिवून घेतली तरी हिनं मला जाब इचारायचा. मलाबी मोह हुतो."

ते कलम त्यानं तसंच लिहिलं. फक्त 'मोह' हा शब्द कागदात बसत नाही म्हणाला. अक्कानं तो ठेवायला लावला.

त्यानंतर मला तो आजार दोनदा आला. दोन्ही वेळा कागद निघाला, दोन्ही वेळा मी वेळेत मिरजेला पोचले, आणि दोन्ही वेळा मी बरी झाले त्याच दिवशी मुलं माझ्याकडं परत आली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला आई म्हणायला लागली, पण अक्काला आय म्हणायचं तिनं सोडलं नाही. चार दिवस माहेरपणाला यायची ती आधी तिच्याकडं.

आता मी नागपूरकडं मुलाजवळ असते. हाच तो मुलगा. गाव इतकं लांब की वर्षातनं एकदा जाणं होतं. दीर गेले, आत्याबाई कधीच्याच गेल्या, अक्का त्या घरात एकटी आहे. गेल्या खेपेला तिनं एकाच जेवणात मला दोनदा विचारलं, पोराला काय झालं, मुलगा की मुलगी? मला फोनवर कायदा दाखवणाऱ्या नातवाच्या जन्माचं ती विचारत होती. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी उठून गेले असते, एवढी भीती वाटली. तिच्या भाच्यांनी तिला कुठं ठेवायचं याची बोलणी तिच्या पाठीमागं सुरू केली आहेत. तिला कुणी विचारलेलं नाही.

अक्का, या वयात आता तुला तूच म्हणते. दिवाळी झाली की मी येते. तुला कुठं ऱ्हायचंय, कुणाचा हात नको, काय खायचंय, कोण आलं तर दार लावून घ्यायचं, ते समदं तू सांग, मी लिहून घेते. त्यात माझ्याबद्दल 'हिला देऊ नये' असं एखादं कलम घातलंस, तरी मी ते गाळणार नाही, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहीन. तुझे उपकार एकदा तरी फेडीनच.